दुभाषीची दुरुस्ती

समितीच्या दालनात पाऊल टाकताच तिनं आधी उजेड पाहिला. खुणांच्या भाषेच्या दुभाषीला तो पाहावाच लागतो. उजेड पाठीमागून आला की हात काळे पडतात आणि निम्मं बोलणं पाण्यात जातं. दालन लांबट होतं. एका अंगाला समितीच्या सदस्यांच्या उंच पाठीच्या खुर्च्या, समोर साक्षीदारांचं टेबल, त्यामागे प्रेक्षकांची बाकं, आणि खिडकी नेमकी नको त्या बाजूला. तिनं शिपायाकडून पडदा ओढून घेतला, आपली खुर्ची स्वतःच उचलून अध्यक्षबाईंच्या जागेमागे नेऊन ठेवली, बसून पाहिलं, पुन्हा थोडी सरकवली. शिपाई म्हणाला, "खुर्ची पळून नाही जात मॅडम, बसा आता."

ती बसली. बाळंतपणानंतरचं हे पहिलंच काम. अंगात गडद निळा, बिनफुलांचा शर्ट, त्यावर हात उठून दिसावेत म्हणून. बोटांत अंगठी नाही, नखं मुळापर्यंत कापलेली. शर्टाच्या आत दोन्हीकडे रुमालाच्या घड्या घातलेल्या, कारण बाळाची दूध प्यायची वेळ आणि समितीची वेळ यांनी एकमेकींशी काही सल्लामसलत केलेली नव्हती.

बाळ समोरच होतं. प्रेक्षकांच्या पहिल्या बाकाच्या टोकाला, आजीच्या मांडीवर, टुकूटुकू दिव्यांकडे बघत. आजी म्हणजे दुभाषीची आई. जन्मापासून बहिरी, उभा जन्म छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलेला, आणि फावल्या वेळात नटी. छापखान्याची यंत्रं दिवसभर इतरांचे कान किटवायची, आईला त्याचं सोयरसुतक नव्हतं. मालक म्हणायचा, असा कामगार मिळायला नशीब लागतं. उलटी अक्षरं वाचून वाचून डोळे असे तयार झालेले, की सुलटी ती नुसती गिळायची. आज त्याचा उपयोगही होता. बाजूच्या भिंतीवर, साक्षीदाराच्या पाठीमागे पडेल असा, एक पडदा लावला होता, आणि दालनात कुणीही काही बोललं की कोपऱ्यात बसलेला टंकलेखक ते झरझर टाइप करी आणि ते पडद्यावर उमटे. प्रेक्षकांत बहिरी मंडळी येणार म्हणून समितीनं प्रथमच केलेली सोय. समिती अधिकारी आल्यागेल्याला ती मोठ्या कौतुकानं दाखवत होता.

आणि साक्षीदाराच्या खुर्चीत मावशी.

मावशी सख्खी नव्हे. आईची शाळेपासूनची मैत्रीण, तीही बहिरी, आणि शहरातल्या बहिऱ्यांच्या एकुलत्या एका नाटकमंडळीची दिग्दर्शिका. एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत त्यांचं थिएटर होतं. तिथे हातांनी आणि चेहऱ्यांनी जी नाटकं होत, ती बघायला ऐकू येणारी माणसंही तिकीट काढून येत. दुभाषीचं बालपण त्या गिरणीच्या विंगेतच गेलं होतं. बहिऱ्यांच्या जगात नाव असून फारसं चालत नाही, माणसाला खूण लागते. मावशीची खूण वर चढलेली एक भुवई. आईची खूण अंगठ्याला लागलेली शाई. आणि हिची खूण कानाच्या पाळीला काढलेला चिमटा, कारण त्या सगळ्या गोतावळ्यात कान चालत ते एवढे हिचेच.

नातेवाइकासाठी दुभाषी होता येत नाही, असा समितीचा नियम. तिनं अधिकाऱ्याला आधीच सगळं सांगून टाकलं होतं. त्यानं कपाळाला हात लावला. खुणांची भाषा येणारं या शहरात कुणी कुणाला ओळखत नाही असं कधी झालंय का, म्हणाला. यादीवर दुभाषी दोघंच, त्यातला दुसरा तापानं फणफणलेला. शेवटी त्यानं विचारलं, "मावशी म्हणायचीच आहे ना, रक्ताची नाही? मग बसा. पण एक लक्षात ठेवा. तुम्ही खिडकीची काच. काचेला मत नसतं. शब्द इकडचा तिकडे केलात, तर यादीत नाव राहणार नाही." ते तिला कुणी सांगायला नको होतं. मावशीला भूक लागली तर "यांना भूक लागली" म्हणायचं नाही, "मला भूक लागली" म्हणायचं. आणि स्वतःविषयी बोलायची वेळ आलीच, तर "दुभाषी" म्हणायचं, जणू कुणी तिसरंच माणूस.

प्रकरण असं होतं. सरकारनं नवं धोरण आखलं होतं. बहिऱ्यांच्या, अंधांच्या, अपंगांच्या जेवढ्या म्हणून कलेच्या आणि खेळाच्या संस्था, त्या सांस्कृतिक आणि क्रीडा खात्यांकडून काढून समाजकल्याण खात्याच्या पदरात टाकायच्या. बहिऱ्यांचे फुटबॉलवाले गेल्या वर्षीच तिकडे गेले होते. आता मावशीच्या मंडळीची पाळी. कागदावर ते सगळं फार मायाळू दिसे. मावशीला त्याचा अर्थ स्वच्छ दिसत होता. गिरणीच्या दारावरची नाट्यगृहाची पाटी उतरून कल्याण केंद्राची चढणार, समीक्षक यायचे बंद होऊन तपासनीस येऊ लागणार, आणि सगळ्या नटांचे लाभार्थी होणार. संसदेची कला, संस्कृती आणि क्रीडा समिती या धोरणाची छाननी करत होती. समितीनं विरुद्ध मत दिलं, तर सरकारला निदान थांबून पुन्हा विचार करणं भाग होतं. एवढी एकच फट उघडी होती. म्हणून मावशी ठेवणीतला कोट घालून आली होती.

सुरुवात समाजकल्याण खात्याच्या सचिवांनी केली. सचिव भला माणूस होता, हे तिला नंतरही नाकारता आलं नाही. आवाज मऊ, तयारी चोख. ते म्हणाले, की या दुर्दैवी बांधवांना आजवर कलेच्या नावाखाली वाऱ्यावर सोडण्यात आलं. त्यांच्या विरंगुळ्याला मायेची सावली हवी. आपल्या खात्याकडे आल्यावर त्यांच्या तपासण्या होतील, यंत्रं मिळतील, जाण्यायेण्याची सोय होईल, आणि हौसेपुरतं नाटकही करता येईल.

तिचे हात चालू होते. "दुर्दैवी" आला तेव्हा ते किंचित अडखळले आणि त्याला वळसा घालून पुढे गेले. विरंगुळ्याचा उपक्रम झाला. हौसेपुरतं नाटक नुसतं नाटक झालं. हे तिनं ठरवून केलं नाही. तांदळात खडा दिसला की बोटं आपणहून तो वेचतात, तसं.

ही टेबलाच्या उंचीची होती तेव्हापासून आई हिच्या तोंडून जगाशी बोलत आली होती. नळ गळतो म्हणून आई घरमालकाला चोर म्हणायची, आणि ही मान वर करून म्हणायची, "काका, आई म्हणते तुम्हाला त्रास होतोय, पण नळ जरा बघाल का?" घरमालक नळ बघायचा. आईला वाटायचं, कसा टरकला. घरमालकाला वाटायचं, काय गरीब बाई आहे. दोघंही खूश आणि नळ कोरडा. मुख्याध्यापिका, दुकानदार, दवाखान्यातली बाई, आई कुणाकुणाशी भांडली आणि कुणाकुणाला ते कधी कळलंच नाही. पुढे रीतसर शिक्षण झालं, परीक्षा झाली, काच कसं व्हायचं ते शिकवणाऱ्यांनी घोटून घेतलं. परक्यांसाठी ती काच झालीही. पण आज समोर मावशी होती, आणि मावशीचं तोंड सगळ्या मंडळीत नावाजलेलं.

अध्यक्षबाई पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीनं गळ्यात लोंबणारा. त्यांनी दुभाषीकडे न बघता थेट मावशीकडे बघून विचारलं, या धोरणाला तुमची हरकत आहे का, असल्यास कोणती. मावशीची भुवई चढली. मग हात उठले.

"साहेबांना सांग, मी नटी आहे, पेशंट नाही. आमचे फुटबॉलवाले तुमच्या सावलीत बसलेच आहेत, त्यांना विचारा. त्यांनी बूट मागितले, तुम्ही टेकायच्या काठ्या पाठवल्यात. धावणाऱ्या माणसांना काठ्या. उद्या आम्ही तोंडाला लावायला रंग मागू, तुम्ही मलम पाठवाल. आम्हाला माया नको. नाटक वाईट झालं तर वाईट म्हणा, शिव्या घाला, मधेच उठून जा. पण पाठीवरून हात फिरवू नका."

काठ्यांची गोष्ट अक्षरशः खरी होती. संघानं त्या काठ्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत रोवून त्यांना झेंडे बांधले होते. पण तिला त्या घडीला फक्त सचिवांचा शांत चेहरा दिसत होता, आणि टेबलावरची पेनं, आणि पाण्याचे झाकलेले पेले. इथे असं बोललं तर गिरणी गेली, एवढंच तिच्या डोक्यात आलं. तोंड उघडलं ते आपल्या जुन्या वाटेनं चालू लागलं.

"खात्याच्या सद्भावनेबद्दल मी आभारी आहे. मी एक अभिनेत्री आहे. आमच्या फुटबॉल संघाला साहित्य पाठवताना थोडी गफलत झाली होती, तिकडे लक्ष द्यावं. आम्हालाही रंगभूषेचं साहित्य मिळत राहावं. आमच्या नाटकावर जाणकारांनी मोकळेपणानं मत द्यावं, एवढी विनंती."

सचिवांनी समाधानानं मान हलवली. साहित्याचं नक्की बघू, म्हणाले. अध्यक्षबाईंनी मात्र चष्मा डोळ्यांवर चढवून मावशीकडे नीट पाहिलं. काहीतरी जास्त मिळेल अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ते मिळालं नाही म्हणून त्या थोड्या खट्टू दिसल्या.

"म्हणजे साक्षीदारांची मूळ धोरणाला हरकत नाही," त्या म्हणाल्या. "साहित्याबद्दल सूचना आहेत. तशी नोंद घ्या. पुढचे साक्षीदार."

आता हे वाक्य मावशीला सांगायचं होतं. तिचे हात वर आले आणि छातीपाशीच थांबले. यात वेचायला खडा नव्हता, हे वाक्यच अख्खं खडा होतं. मावशी वाट बघत होती, भुवई अजून वरच, आपण काय दणका दिला या खुशीत. आणि तिच्या पलीकडे, बाकाच्या टोकाला, बाळाला थोपटणारा आईचा हात थांबला होता.

आई भिंतीवरच्या पडद्याकडे बघत होती. त्या जागेवरून तिला मावशीचे हात बाजूनं स्वच्छ दिसले होते, आणि आता त्याच बोलण्याची अक्षरं समोर उमटलेली होती. आभारी आहे. थोडी गफलत. एवढी विनंती. आईनं ती ओळ वाचली, आणि छापखान्यात प्रूफ तपासताना वाचायची तशी पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचली. मग लेकीकडे पाहिलं. बाळामुळे तिला एकच हात मोकळा होता. त्या हातानं तिनं आधी मावशीकडे बोट केलं, मग पडद्याकडे, आणि नाही अशी खूण केली. मग बोट स्वतःच्या छातीला लावलं.

"माझंही असंच?"

दुभाषीच्या छातीत कळ आली आणि शर्टाआडच्या घड्या ओल्या झाल्या. बाळ रडलं नव्हतं. दूध उगाचच आलं होतं. ती उठून उभी राहिली. दुभाषी कधी उभा राहत नाही, म्हणून अधिकाऱ्यानं चमकून वर पाहिलं.

"दुरुस्ती आहे," ती म्हणाली.

"तुमच्या सूचना घेतल्या आहेत," अध्यक्षबाई मावशीकडे बघून म्हणाल्या. आतापर्यंत हा आवाज मावशीचाच होता ना.

"हे साक्षीदार बोलत नाहीत. दुभाषी बोलते आहे. साक्षीदारांचं उत्तर दुभाषीनं बदललं. त्यांची हरकत मूळ धोरणालाच आहे. सचिवसाहेबांचे शब्दही साक्षीदारांपर्यंत जसेच्या तसे पोचलेले नाहीत. तेही दुभाषीनंच बदलले."

बोलता बोलता तिचे हातही तेच सांगत होते, कारण ते मावशीला कळल्यावाचून चालणार नव्हतं. मावशीची भुवई हळूहळू खाली आली. मावशीचा असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता, रंगमंचावरही नाही.

मग दालनात एकच कुजबुज. समितीतले एक सदस्य जाडजूड मानेचे होते, तरुणपणी कुस्ती खेळलेले. ते म्हणाले, आता कुठलं खरं धरायचं, सगळी साक्षच बाजूला ठेवावी. सचिव मऊ आवाजातच म्हणाले, की समितीचा अहवाल द्यायचा आहे, दिवस थोडे आहेत, साक्षीदारांनी आपलं म्हणणं लेखी पाठवलं तरी चालेल. तिला कळलं, गिरणी अशी जाते. कुणी रागावून नेत नाही, सोयीसाठी नेतात.

अध्यक्षबाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "हे करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग?"

"सवय आहे," दुभाषी म्हणाली.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला. मग त्यांनी कामकाज जरा वेळ थांबवलं. साक्षीदारांनी ठरवावं, म्हणाल्या. याच दुभाषीसह पुन्हा साक्ष द्यायची, की नको. दाराशी अधिकारी तिच्या जवळून गेला तेव्हा नुसतं "काच" एवढंच पुटपुटला. यादीतून नाव गेलं हे सांगायला त्याला आणखी शब्द लागले नाहीत.

बाहेरच्या लांब गल्लीत, कपाटांच्या रांगेपाशी एक बाकडं होतं. तिथे तिनं बाळाला पाजायला घेतलं. आता तिला एकच हात मोकळा होता आणि समोरच्या दोघींना दोन-दोन. मावशीनं त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

मावशी म्हणाली, की इतक्या वर्षांत मला पुष्कळांनी मुकी म्हटलं, पण आज खरी मुकी केली ती घरच्याच पोरीनं. विंगेत तुला झोपवून आम्ही तालमी केल्या त्या या दिवसासाठी का, म्हणाली. तिनं एका हातानं कसंबसं सांगितलं, की भीती वाटली. साहेब रागावले असते तर सगळंच गेलं असतं.

"रागावू दे की," मावशीनं हात हवेत फटकारले. "माणूस माणसावरच रागावतो. तू त्यांना माझ्यावर रागावूसुद्धा दिलं नाहीस."

बाळ चुरूचुरू पीत होतं. आई इतका वेळ कपाटाला टेकून उभी होती. तिनं पुढे येऊन मघाचाच प्रश्न पुन्हा विचारला, आता दोन्ही हातांनी, सावकाश. हिनं मान हलवली. हो.

"घरमालक?"

हो.

"मग त्यानं नळ दुरुस्त केला तो मला घाबरून नाही."

नाही.

आईनं आपला अंगठा दुसऱ्या हातानं चोळला. छापखाना सुटून वर्षं झाली तरी शाई पुसावी तसा तो चोळायची तिची सवय. "मग बाहेरच्या लोकांना मी कोण वाटत होते?"

"चांगली बाई," हिनं एका हातानं सांगितलं.

"चांगली कुठली," आई म्हणाली. "मी बरोबर होते."

आईनं ते रागानं म्हटलं नाही. एखादी वस्तू हरवली आहे हे फार उशिरा लक्षात आल्यावर माणूस जसं रिकाम्या जागेकडे बघतं, तशी ती लेकीकडे बघत होती. हिला वाटलं, आता आईच्या पायाशी बसावं. पण अंगावर बाळ होतं, आणि आईनंच वाकून बाळाच्या हनुवटीवर ओघळलेलं दूध पदरानं टिपावं तसं आपल्या बाहीच्या टोकानं टिपलं.

अधिकारी दारात आला. काय ठरलं, विचारू लागला. दुसऱ्या दुभाषीचा ताप उतरेपर्यंत थांबायचं असेल तर समितीचा अहवाल थांबणार नाही, हेही त्यानं सांगितलं. ते हिनं मावशीला सांगितलं, एकही शब्द न गाळता. मावशीनं क्षणभर विचार केला.

"तो दुसरा? माझ्या विनोदांवर कधी हसत नाही मेला. हीच चालेल." मग हिच्याकडे वळून, "पण आत माझी पोरगी होऊन येऊ नकोस. नुसतं तोंड आण."

अधिकाऱ्याला तिनं ते सगळं ऐकवलं, "मेला" धरून. तो खोकला आणि दार उघडून उभा राहिला.

अध्यक्षबाईंनी सगळं पहिल्यापासून घ्यायला लावलं. सचिवांना आपलं निवेदन पुन्हा वाचावं लागलं. "दुर्दैवी" आला. तिचा हात कपाळापाशी गेला, नशीब फुटल्याची खूण करून खाली पडला. या वेळी सचिव वाचता वाचता मावशीच्या तोंडाकडे बघत होते, आणि आपला शब्द तिथे जाऊन पडलेला त्यांना दिसला. "हौसेपुरतं" म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. पण लिहिलेलं होतं, वाचावं लागलं.

मग मावशी. बूट आले, काठ्या आल्या, शिव्या घाला, उठून जा, सगळं आलं. दुभाषीच्या जिभेला ही चव नवीन होती. मलमापाशी पोचल्यावर प्रेक्षकांतून मोठा, बेसूर, कुठेही न आवरलेला हसण्याचा आवाज आला. आई पडद्यावर वाचून हसत होती. आपला आवाज केवढा लागतो हे तिला कधी कळलेलं नव्हतं. शिपाई उठला. अध्यक्षबाईंनी त्याला बस म्हणून खूण केली. तोवर जाडजूड मानेचे सदस्यही फिस्सकन हसले होते.

सचिवांचे कान लाल झाले. त्यांनी कागद बाजूला ठेवला. "मग आम्ही काय करायचं? तुम्हाला काही होतच नाही असं धरून चालायचं?"

"होतं की. ऐकू येत नाही मला. त्यासाठी तुमच्याकडेच येईन, दवाखान्यात, रांगेत उभी राहीन. नाटकासाठी का येऊ? तुम्ही नाटक बघायला दवाखान्यात जाता?"

सचिव म्हणाले, हे बोलणं अन्यायाचं आहे, खात्यातली माणसं मनापासून काम करतात. मावशी म्हणाली, मनापासून केलेल्या कामाचाच जास्त त्रास होतो, कारण त्याला नको म्हणता येत नाही. रीतसर भांडण लागलं. मधे बसलेल्या तिच्या अंगातून दोन्हीकडचे टोले जात होते. प्रत्येक टोल्याला काहीतरी मऊ आडवं घालावंसं वाटे आणि ती ते घालत नव्हती. खाली घातलेल्या मानेनं टंकलेखक टाइप करत सुटला होता, पडदा भरभर चढत होता, आणि आपल्यावाचून ही दोन माणसं किती नीट भांडू शकतात याचं तिला नवल वाटत होतं.

शेवटी अध्यक्षबाईंनी टेबलावर पेन आपटून दोघांना थांबवलं. मघाची नोंद काढून टाका, म्हणाल्या. साक्षीदारांची मूळ धोरणाला हरकत आहे, असं लिहा. फुटबॉल संघालाही साक्षीला बोलवा, आणि ते येऊन जाईपर्यंत धोरण पुढे नेऊ नये असं सरकारला आजच कळवा. सचिवांनी ते लिहून घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण लिहिता लिहिता त्यांनी एकदा मावशीकडे पाहिलं ते जरा वेगळ्या नजरेनं. मघाशी त्यात कणव होती. आता तिथे चक्क चीड होती, आणि मावशी त्या चिडीकडे बघून खुशीत होती.

"आता माझा एक प्रश्न," अध्यक्षबाई म्हणाल्या. "धोरणाचा नाही. गेल्या महिन्यात समितीनं तुमच्या गिरणीत येऊन नाटक पाहिलं. शेवटी तुम्ही केलेली ती म्हातारी दिवा मालवते. काळोख होतो. मला वाटलं, संपलं. पण तिचे हात चालूच होते. आम्हाला ऐकू येत होते. बाह्यांची सळसळ, तळव्यावर तळवा, मधेच थांबणं, पुन्हा सुरू होणं. पुष्कळ वेळ. तेव्हापासून मी विचार करते आहे. काळोखात ती काय बोलत होती?"

दुभाषीनं हे हातांनी सांगितलं, सळसळ, थांबणं, सगळं.

"ऐकू येत होते?" मावशीनं विचारलं, आणि दुभाषीनं ते तसंच विचारलं.

"हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "अगदी स्पष्ट."

मावशीनं आपले हात उलटेसुलटे करून पाहिले, जणू कुणा दुसऱ्याचे हात आपल्या मांडीत येऊन पडले आहेत. ते काळोखातलं बोलणं ती कितीतरी वर्षं, दर प्रयोगाला करत आली होती. बहिऱ्यांना ते दिसायचं नाही, म्हणजे कुणालाच कळायचं नाही, म्हणजे ते तिचं एकटीचं, असंच तिला वाटत आलं होतं. हातांना आवाज असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. विंगेत कान उघडे ठेवून बसलेल्या पोरीनंही नाही.

मावशीनं हात टेबलावर ठेवले आणि ते तिथेच राहिले.

सगळ्यांच्या माना दुभाषीकडे वळल्या. कुस्तीवाले सदस्य, सचिव, अधिकारी, टंकलेखक. पडद्यावर अक्षर नव्हतं, नुसती एक बारीक रेघ लुकलुकत होती. तिच्या जिभेवर उत्तरं तयार होती. लहानपणी विंगेत तो सळसळाट ऐकत तिनं कितीदा स्वतःशीच ठरवलं होतं, म्हातारी आता हे म्हणत असेल, आता ते. त्यातलं कुठलंही समितीला आवडलं असतं, कुणाकुणाच्या डोळ्यांत पाणीही आलं असतं. तिनं ओठ मिटून घेतले. साक्षीदार अजून काही बोलल्या नव्हत्या.

बाळ आजीच्या खांद्यावर झोपून गेलं होतं. आई किंचित पुढे वाकली होती. हळूहळू माना दुभाषीकडून फिरल्या, एकेक करून, आणि दालनातली सगळी माणसं मावशीच्या हातांकडे बघत वाट पाहू लागली.